डगलने सोडलेला ट्राउट

"यंदा तरी मासा सोडून देऊ नकोस हो!" सासूबाईंनी चहा पिता पिता फर्मावलं आणि डगलच्या घशात बिस्किट अडकलं.

रविवारी विनीबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यांना केक नको होता, भेट नको होती; जावयाने स्वतः धरलेला ट्राउट तेवढा खायचा होता. लग्न झाल्यापासून डगल दर उन्हाळ्यात वानाका गावाच्या वरच्या ओढ्यांवर गळ टाकायला जायचा आणि संध्याकाळी ओल्या विजारीने परत येऊन सांगायचा, "हा एवढा होता! पण सोडून दिला. जीव घ्यायचं जिवावर येतं." त्याची बायको रोना हे गावभर कौतुकाने सांगायची. देवमाणूस आहे आमचा, म्हणायची.

खरी गोष्ट अशी, की डगलच्या गळाला आजवर एकही ट्राउट लागलेला नव्हता. सोडायचा तर आधी धरावा लागतो, ही अडचण त्याने कुणाच्या कानावर घातली नव्हती.

आता मात्र तो रोज ओढ्यावर जाऊ लागला. फेब्रुवारी, म्हणजे तिकडचा उन्हाळा, संपत आला होता. झाडांवर सिकाडा किडे किरकिरत होते आणि त्यातला एखादा पाण्यात पडला की ट्राउट त्याच्यावर तुटून पडत होते. डगलनेही गळाला पिसांचा खोटा सिकाडा बांधला. त्याला विलोच्या झाडाची फांदी लागली, कुंपणाची तार लागली, स्वतःची टोपी लागली आणि शनिवारी स्वतःच्याच विजारीचं बूड लागलं. ट्राउट जवळ येऊन नुसते बघून गेले.

दुसऱ्या कुठल्या देशात माणूस गुपचूप बाजारात गेला असता. न्यूझीलंडात ट्राउट विकायलाच बंदी. कुणाकडे मागावा, तर अब्रू जायची. शेवटी त्याने दुकानातून ट्राउटसारखाच दिसणारा सॅमन मासा आणला, शेडमध्ये दडून त्याचं डोकं उडवलं, शेपूट उडवली, वरून ओढ्याचं पाणी शिंपडलं आणि घरात नेला. रोनाने आनंदाने त्याला मिठीच मारली. लाजेने डगलचे कान तापले.

रविवारी विनीबाईंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "वा! हात धुऊन मागे लागले, त्याचं चीज झालं."

समोर रोनाचा मावसभाऊ विरेमू बसला होता. भला माणूस, पण ओढ्यांवरचा रखवालदार. तोही बिनपगारी, त्यामुळे जास्तच कडक.

"कुठं धरलात, दाजी?"

पुलाखाली म्हणावं, तर तिथे काल अख्खं गाव पोहत होतं. "वरच्या डोहात," डगलने ठोकून दिलं. "विलोंच्या वळणाला. हा एवढा होता!"

विरेमूने हातातला काटा खाली ठेवला. "अहो, तिथला मासा यंदापासून सोडूनच द्यायचा असतो. मी स्वतः पाटी ठोकलीय तिथं!"

"पाटी... दिसली नाही."

"आणि मी इथं बसून पुरावा खातोय! दाजी, मला कळवावं लागणार. दंड होईल, रॉडही जप्त होईल."

"डगल," रोना हळूच म्हणाली, "तू मारलास? सोडायचा असून?" तिने ताट बाजूला सारलं.

दंड डगलने भरला असता. रोनाची ती नजर मात्र त्याला सोसवेना.

"सॅमन आहे," तो पुटपुटला.

"काय?"

"सॅमन. दुकानातला."

"आणि इतकी वर्षं सोडलेले?" विरेमूने विचारलं.

"ते... कधी लागलेच नाहीत."

विनीबाईंनी ताट पुढे केलं. "मेल्या, मग अजून एक तुकडा वाढ की! सॅमन तर सॅमन." सगळे खो खो हसले. रोनाही हसली, पण जरा उशिरा, आणि तो उशीर डगलला फार लागला.

दुसऱ्या दिवशी तोंड लपवायला म्हणून तो वरच्या डोहावर गेला. धरायची हौस उरली नव्हती, त्यामुळे असेल, पिसांचा सिकाडा पाण्यावर अलगद उतरला. आणि पाणी फुटलं! डगल छातीभर पाण्यात ओढला गेला, आपटला, उठला, आणि अखेर जाळ्यात कोपरापासून बोटांपर्यंत भरेल असा ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट आला. डगल चक्क रडला.

फोन घरी राहिला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. होती फक्त विरेमूची पाटी. मासा कोटात गुंडाळून घरी नेला असता, तर गेलेली सगळी पत एका क्षणात परत आली असती. पण रोनाचा तो हळू आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. त्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. मासा थोडा वेळ तळव्यांवर टेकून राहिला आणि निघून गेला.

संध्याकाळी तो ओल्या विजारीने घरी आला. रोना दारातच उभी होती.

"काय रे, लागला का एखादा?" तिने हसू दाबत विचारलं.

डगलचे दोन्ही हात आपोआप फाकायला लागले. त्याने ते खिशात कोंबले.

"नाही गं."

रोनाने त्याला टॉवेल दिला आणि प्रेमाने पाठीवर हात ठेवला. "असू दे," ती म्हणाली. "आता निदान खरं तरी बोलतोस."