कमी ताकदीचा पेचकस

मानवी संस्कृती अग्नी, चाक किंवा लिपी यांपैकी कशावरही उभी नसून ती स्क्रूवर उभी आहे, असं पिंपळापुरे काकांचं मत आहे. हे मत त्यांनी मला प्रथम ऐकवलं तेव्हा ते आमच्या जेवणाच्या टेबलाखाली उताणे पडले होते आणि मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. आमची ओळख होऊन तोवर दहा मिनिटं झाली होती.

आम्ही तेव्हा रायपूरच्या चौबे कॉलोनीत नुकतेच राहायला आलो होतो. दोन घरं सोडून राहणारे हे गृहस्थ शेजारी म्हणून चौकशीला आले, खुर्चीत बसले, खुर्ची कुरकुरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ढिलं आहे," ते म्हणाले. लोक जिथे पेन लावतात त्या खिशातून त्यांनी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला. खुर्ची झाली, मग टेबल झालं, जाताजाता दाराची कडी झाली. "हा प्लाय तुमाले फसवून राहिला," असं म्हणून त्यांनी माझ्या नव्या फर्निचरचा निकाल लावला आणि माझ्या बायकोने, मीनलने, दिलेला दुसरा कप चहा घेतला.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी हैदराबादला. रस्त्यात भेटले की ते 'कसं काय' असं विचारत नाहीत. "काय ढिलं आहे?" असं विचारतात. 'काही नाही' असं उत्तर दिलं तर त्यांना ते वैयक्तिक लागतं. चौबे कॉलोनी आणि समता कॉलोनी मिळून सतरा घरं त्यांच्या फेरीत होती. बिजागऱ्या, मुठी, पंख्यांचे रेग्युलेटर, देवघरांची दारं. पैसे घेत नाहीत. फक्त उगाच कोणाकडे जाणं त्यांना मान्य नाही.

"काम नसताना गेलं की माणूस पाहुणा होते," ते एकदा मला म्हणाले होते, "अन् पाहुण्याले लोक घड्याळाकडे पाहून चहा देतात."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या मनगटाने संप पुकारला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि पिळायचं काहीही करायचं नाही, असं बजावलं. स्क्रू तर नाहीच, ओला टॉवेलसुद्धा नाही. फेरी बंद पडली. दोन महिने काका स्वतःच्या व्हरांड्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होते. सतरा घरांपैकी एकाही घरी गेले नाहीत. मी 'या की चहाला' म्हटलं तर म्हणाले, "काहून? काय काम आहे?" हैदराबादहून मुलगी फोनवर म्हणत होती, "पापा, कारपेंटर को बुला लो ना. आप क्यों टेंशन लेते हो?" काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पोट्टीले वाटते मी लाकडाची काळजी करून राहिलो."

मग एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरपाशी उभे राहिले. काखेत एक फळी. अर्धी सागवानाची, अर्धी आंब्याची, शेवटी प्लायचा तुकडा डकवलेला. "बूढापाऱ्याच्या बाजारात चाल," म्हणाले. "चार्जिंगचा पेचकस घ्याचा आहे. मनगट फिरवा लागत नाही म्हणते."

दुकान एका अरुंद गल्लीत होतं. मालक साहूजी. त्यांनी दोघांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि पहिल्या झटक्यात एक पिवळं अवजड यंत्र काउंटरवर ठेवलं. त्याच्या खोक्यावर एक माणूस डोंगराकडे आव्हान दिल्यासारखा बघत उभा होता.

"ये दीवार फाड़ देगा, अंकल."

"दीवार ने मेरा क्या बिगाड़ा है?" काका म्हणाले.

मग वजनाची परीक्षा सुरू झाली. काका एकेक यंत्र पट्टा बांधलेल्या हातात धरून हात समोर ताठ करत आणि मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणत. हात थरथरला की यंत्र नापास. पहिलं 'एकोणतीस दुणे अठ्ठावन्न'ला पडलं. पिस्तुलासारखं दिसणारं दुसरं 'त्रिक सत्त्याऐंशी'च्या पुढे गेलं नाही. दुकानात सिमेंट घ्यायला आलेली मंडळी सिमेंट विसरून उभी राहिली. रायपुरात एकोणतीसचा पाढा मराठीत आणि तोही भर बाजारात बहुधा बऱ्याच दिवसांनी ऐकू आला असावा. चौथं यंत्र टॉर्चएवढं, सरळ दांड्याचं होतं. ते घेऊन काका 'दाहे दोनशे नव्वद'पर्यंत पोचले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पण दोनशे नव्वदने भागणार नव्हतं. या यंत्रांच्या गळ्यात एक फिरतं कडं असतं, त्यावर आकडे. आकडा मोठा, तितका स्क्रू जास्त घट्ट. काकांनी सहा यंत्रं फळीवर चालवली आणि प्रत्येकाचं कडं एक नंबरवर ठेवलं. पाच यंत्रांनी एक नंबरवरही स्क्रूचं डोकं आंब्याच्या लाकडात बुडवलं. "राक्षस," असं म्हणून काकांनी ती बाजूला सारली.

साहूजी हळूहळू दुखावत चालले होते. "अंकल, सब लोग पावर पूछते हैं. टाइट करने के लिए ही तो लेते हैं. आपको क्या ढीला करना है?"

"टाइट ही करना है. मगर ज़रा कम."

"ज़रा कम?"

"हव. ज़रा कम."

उरलेलं सहावं म्हणजे पाढ्यात पास झालेलं टॉर्चएवढं यंत्रच निघालं. एक नंबरवर ते स्क्रू आत नेत गेलं आणि शेवटी 'कर्र' करून मुकाट्याने थांबलं. काकांनी स्क्रूवर अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि मान हलवली. साहूजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, "ये तो लोग खिलौने की बैटरी बदलने को ले जाते हैं."

"यही," काका म्हणाले.

परतीची मिरवणूक मला विसरता येणार नाही. मागे बसलेले काका प्रत्येक सिग्नलला यंत्र वर धरून एकदा 'झूंऽऽ' करत. एका ट्रॅफिक हवालदाराने आधी भुवई वर केली आणि मग, का कोण जाणे, हात हलवला. त्या आठवड्यात काकांनी अकरा घरं सर केली. समता कॉलोनीतल्या एका आजींनी तर म्हणे औक्षणाचं ताट बाहेर आणलं. काकांनी कुंकू यंत्राला लावून घेतलं.

शनिवारी आमचा नंबर लागला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबकळत होतं. दोन बिजागऱ्या, आठ स्क्रू, आठ वेळा 'कर्र'. काम सहा मिनिटांचं. काका बसले दीड तास. मीनलच्या भावाचं लग्न, कांद्याचा भाव, वाल्टेरमधल्या एका स्टेशनमास्तरने पाळलेलं माकड, सगळं झालं.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. संशय हा माझा जुना आजार आहे. मी घरातला हातपेचकस घेतला आणि पहिला स्क्रू पिळून पाहिला. तो आणखी अर्धा फेरा आत गेला. दुसराही. आठच्या आठ. हे दार तेरा वर्षं दर महिन्याला ढिलं व्हायचं आणि मी तेरा वर्षं प्लायला शिव्या देत होतो.

"अगं, हे मुद्दाम अर्धा फेरा सोडतात!" मी ओरडलो.

मीनल कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

"आत्ता कळलं तुले?" ती म्हणाली. "ते गुपचूप जसं होतं तसं करून ठेव."

मी आठही स्क्रू परत ढिले केले. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो आणि तो मला नव्हता. चौथ्या दिवशी दार बिजागऱ्यांसकट निखळलं आणि पोह्यांचा डबा घेऊन खाली आलं.

मी फोन केला. काका पाच मिनिटांत हजर झाले, पण हात हलवत. यंत्राची बॅटरी उतरली होती, ते घरी चार्जिंगला लावलेलं होतं. काका तरीही संध्याकाळी आठपर्यंत बसले. तीन कप चहा झाला.

दार सध्या फ्रिजला टेकून उभं आहे.