पन्नास कोटी आणि कावळे

खंडेराव जगदाळे कँटीनमध्ये जगाची शिरगणती करत होते, तेव्हा त्यांच्या पुढ्यात भज्यांची बशी होती आणि पाठीमागे कामावरचे अमेरिकन वॉल्टरसाहेब उभे होते. खंडेरावांना फक्त बशी दिसत होती.

"बेसबॉल खेळतं कोण हो? अमेरिका आणि दोनचार देश. आपल्या आपल्यात खेळायचं आणि जिंकलं की म्हणायचं, मी जगज्जेता! क्रिकेटचं तसं नाही. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज... ते सोडा, आमचे एकटेच पन्नास कोटी! टाका तराजूत."

समोर बसलेल्या हेडक्लार्क रामनाथांनी हे सगळं तत्परतेने साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि मुळात कमी पडलेलं तिखट पदरचं घातलं. त्याला कारण होतं. तारापूरजवळ अणुवीज केंद्र उभं राहत होतं, कामावरच्या लोकांसाठी वसाहत झाली होती आणि त्या वसाहतीत आता एकच क्वार्टर शिल्लक होतं. यादीत नावं दोन, एक रामनाथांचं आणि एक स्टोअर क्लार्क खंडेरावांचं. साहेब सोमवारी ज्याच्या नावापुढे सही करतील, त्याच्या घरात नळाला पाणी येणार होतं.

खंडेरावांनी वळून पाहिलं आणि हातातलं भजं बशीत परत ठेवलं. साहेब मात्र रागावले नाहीत, हसले. म्हणाले, जपान खेळतो, क्युबा खेळतो, मेक्सिको खेळतो. क्रिकेट कोण खेळतं? ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केलं तेवढेच. आणि त्या पन्नास कोटींना कधी कुणी विचारलंय का?

"विचारायचं काय त्यात, साहेब?" खंडेराव पुटपुटले.

मग विचारू या, असं साहेबांनी जाहीर केलं. येत्या रविवारी, खंडेराव राहतात त्या चिंचणीतच. दोन्ही खेळ तासतासभर दाखवायचे आणि गावाने हात वर करायचे. जगातला कुठलाही प्रश्न मतदानाने सुटतो अशी साहेबांची श्रद्धा होती. इकडे येऊन त्यांना चारच महिने झाले असल्यामुळे ती टिकूनही होती.

खंडेराव घरी आले तेव्हा त्यांची बायको सुलू दोन हंडे उतरवून दारात मान चोळत उभी होती. कऱ्हाडला कृष्णेकाठी वाढलेली ही मुलगी गेली दोन वर्षं गोड्या पाण्यासाठी गावाबाहेरच्या विहिरीला खेपा घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी जिंकला तर सायबाचं नाक कापलं जाणार?"

"जिंकणारच की. माझा डिफेन्स—"

"अवो, मग नळ कुणाला मिळंल?"

खंडेरावांच्या छातीत क्रिकेटबद्दलचा अभिमान होता, पण तो अभिमान विहिरीवरून पाणी आणत नव्हता.

"हरा की एकदा," सुलू म्हणाली. "आपला देश हरतो तवा काय वाईट दिसतो का?"

हरायचं ठरलं. आता मैदान हवं होतं. गावात सपाट जागा एकच होती, किनाऱ्यालगतची. तिथे कोळणी बोंबील काठ्यांवर वाळत टाकत आणि जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, जमिनीवर पसरत. तिथला शब्द खंडेरावांच्या घरमालकीण काशीबाईंचा. त्या खाटेवर बसून तुटलेलं जाळं सांधत होत्या.

"किती येल चालतं तुजा खेळ?" त्यांनी विचारलं.

"खरा खेळ पाच दिवस चालतो, काशीबाई."

"आन् मंग कोन जिंकतं?"

"कधीकधी कुणीच नाही."

"म्हंजे आमच्या सोसायटीची मिटिंग!" काशीबाईंनी दोरा दाताने तोडला. "आन् हे पन्नास कोटी खेलतात म्हनतंस, त्यात मना धरलीस काय?"

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर धरलंय."

"मना इचारलंस कदी? बरं, खेला. पन जवल्यावर पाय दिलास तं बग!"

रविवारी सकाळी अख्खं गाव जमलं. आधी क्रिकेट झालं. खंडेराव पांढरी पँट घालून उतरले आणि त्यांनी हरण्याचं काम मन लावून केलं. येईल तो चेंडू पायाजवळ मारून गार करायचा, पुन्हा पवित्रा घ्यायचा, पुन्हा गार करायचा. पाऊण तासात धावा झाल्या चार. क्षेत्ररक्षक गुडघ्यांवर हात ठेवून गप्प उभे होते. ही शांतता पाहून माडांवरचे कावळे आधी काठ्यांवर बसले, मग खाली जवळ्यावर आले आणि पंगतीला बसावं तसे जेवू लागले.

"ए खंडेराव!" काशीबाई कडाडल्या. "हल की जरा! तू उबा ऱ्हातंस आन् कावले आमचा जवला खातात!"

खंडेरावांनी पुढचाही चेंडू गार केला.

मग साहेब आणि त्यांचे पाच सोबती बेसबॉलला उतरले. साहेबांनी दांडकं फिरवलं, चेंडू माडांच्या वर गेला आणि सहाच्या सहाजण बोंबलत सुटले. कुणी धावतोय, कुणी लोळतोय, कुणी टोपी फेकतोय. कावळे जे उडाले ते खाडीपलीकडे गेले आणि तासभर एकही परतला नाही. काशीबाई उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा जवळा राखायला त्यांना घसा फोडावा लागला नव्हता.

मतदान झालं. बेसबॉलला गावातला एकूण एक हात वर गेला. काशीबाईंनी दोन्ही वर केले. क्रिकेटच्या बाजूला एकच हात होता, रामनाथांचा. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून रामनाथांना बेसबॉललाच मत द्यायचं होतं, पण ते इतका वेळ कावळे बघत बसले होते की मत कशाला चाललंय हेच त्यांना कळलं नाही. खंडेरावांना सुटल्यासारखं वाटलं. रामनाथांचं तोंड बघून तर फारच बरं वाटलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. खंडेराव केस विंचरून गेले. साहेबांनी उठून हात हातात घेतला. पन्नास कोटींच्या देशात बेसबॉल रुजवण्याची सुरुवात चिंचणीपासून होणार होती. दर रविवारी खेळ, आणि गावाला रोज सकाळी सराव. काशीबाई आपण होऊन साहेबांना भेटून गेल्या होत्या आणि त्यांनी रोजच्या सरावासाठी खंडेरावांचंच नाव सुचवलं होतं. असा माणूस गावातून हलवणं हा खेळावर अन्याय झाला असता, म्हणून क्वार्टर रामनाथांना देण्यात आलं होतं. खंडेरावांना साहेबांनी स्वतःचं दांडकं दिलं.

आता रोज उजाडलं की खंडेराव जगदाळे किनाऱ्यावर ते दांडकं फिरवत एकटेच आरडाओरडा करतात.

"अजून जोरात वरड रं!" काशीबाई खाटेवरून सांगतात. "त्या कोपऱ्यात दोन बसलेत!"

पहिल्या दिवशी सुलू दोन हंडे घेऊन तिथूनच विहिरीकडे निघाली होती. ती थांबली. नवऱ्याकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक हंडा त्याच्या पायाशी ठेवला.

"पन्नास कोटी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यातला एक तरी पाण्याला चला."