न ऐकल्याचा दाखला

अमरावती विभागातील नागरिक पुरेशा वेगाने नवे संगीत शोधत नाहीत, ही गंभीर बाब विभागीय नादसंवर्धन कक्षाच्या निदर्शनास आली, तेव्हा कक्षाने तातडीने, म्हणजे दीड वर्षात, पावले उचलली. सर्वेक्षण झाले. त्यात असे आढळले की बहुसंख्य नागरिक तेच ते ऐकतात, आणि जे नवे ऐकतात ते वरातीत सापडल्यामुळे, नाइलाजाने. सबब नवे संगीत शोधण्यासाठी व एकमेकांना पाठवण्यासाठी 'नादशोध' नावाचे मोबाइल अ‍ॅप तयार करावे आणि त्याच्या आराखड्यासाठी समिती नेमावी, असे ठरले. समितीत एक अधिकारी, एक तंत्रज्ञ आणि एक श्रोता असणे बंधनकारक होते. अधिकारी व तंत्रज्ञ लगेच मिळाले. श्रोता मिळायला चार महिने लागले.

हा श्रोता म्हणजे खुशालराव. पोस्टातून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, कपाळाला बुक्का. चाळीस वर्षांत एकाही कीर्तनातून आरतीआधी उठलेले नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. अर्जातल्या 'श्रवणाचा अनुभव' या रकान्यात त्यांनी 'जन्मापासून' असे लिहिले होते, आणि कक्षाने त्यावर 'पुरावा जोडावा' असा शेरा मारूनही शेवटी त्यांनाच घेतले होते, कारण दुसरा अर्जच नव्हता.

खुशालरावांना अ‍ॅपशी देणेघेणे नव्हते. त्यांना एक चाल वाचवायची होती.

मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावी पुंजाजी महाराज कीर्तन करत. दोघे एका पाटीवर शिकलेले. अकरा वर्षांत पुंजाजींनी नवी चाल केली नव्हती. यंदा हरभऱ्याच्या वावरात पाखरे हाकलताना हाळी दिली, ती हाळी वर जाऊन अशी काही वळली की पुंजाजी बांधावरच बसले. एकादशीच्या कीर्तनात त्यांनी ती चाल दोनदा म्हटली. दुसऱ्या खेपेला म्हणताना खोकला आला. अकोल्याच्या डॉक्टरने घशात गाठ सांगितली आणि पाडव्यानंतरची तारीख दिली.

"आवाज वापस येईन का?" खुशालरावांनी विचारले होते.

"डॉक्टर म्हणे, येईनही."

"अन् नाही आला तं?"

"तं लोकाईचा ऐकीन. आजवर लोकाईनं आपलाच ऐकला ना गड्या."

गावचा रिवाज असा, की महाराजांनी गायली म्हणून चाल होत नाही. मागच्या टाळकऱ्याने ती उचलून परत म्हटली की होते. तोवर ती महाराजांची लहर. ही चाल अजून कोणी धड उचलली नव्हती. पाडव्याला अडीच महिने होते. तेवढ्यात कोणीतरी, कुठेतरी ती उचलायला हवी होती. आणि शासन तर नेमके तेच करायला निघाले होते. खुशालरावांना हा विठ्ठलाचाच हात वाटला. एकादशीचे कीर्तन त्यांनी फोनमध्ये धरले होते, ते घेऊन ते पहिल्या बैठकीला गेले.

आराखडा मोनाली नावाची अकोल्याची मुलगी करत होती. हुशार आणि मायाळू. तिने विचारले, "काका, किती वेळाचं आहे?"

"फार नाही. अडीच तास."

"अ‍ॅपमध्ये तीस सेकंद बसतात."

"मंग बाकीचं?"

"बाकीचं कोणी ऐकत नाही, काका. आम्ही चाचणी घेतली होती. 'पुढे ऐका' असं बटण दिलं, तर लोकांनी ते दाबलंच नाही. म्हणून बटण काढलं."

खुशालरावांनी पडते घेतले. "मंग मधातले तीस घे ना. चाल दीड तासानं लागते."

यावर कक्षाचे अधिकारी गजेंद्र साहेब म्हणाले, "मधून घेता येत नाही. तो मूळ कलाकृतीत हस्तक्षेप ठरतो. पहिले तीस सेकंद घ्यावेत, असं परिपत्रकच आहे."

पहिल्या तीस सेकंदांत पुंजाजी महाराज खाकरले होते, पाणी प्याले होते आणि म्हणाले होते, "माईक जरा इकडे सरकवा, अन् तो पंखा बंद करा, बुक्का उडून राहिला." हे खुशालरावांनी नम्रपणे सांगितले. गजेंद्र साहेबांनी 'सुरुवात घरगुती व आश्वासक' अशी नोंद घेतली.

पुढे प्रकार निवडायचा होता. पडद्यावर पार्टी, प्रवास, प्रेमभंग आणि व्यायाम असे चार पर्याय होते.

"याच्यात भक्ती कुठं आहे?"

"भक्ती 'इतर'मध्ये होती, काका. पण 'इतर'मध्ये फारच गर्दी व्हायला लागली, म्हणून 'इतर' काढलं."

शेवटी प्रकार यंत्रानेच ठरवावा असे ठरले. यंत्राने अख्खे कीर्तन ऐकले. खुशालराव सोडले तर समितीत कीर्तन पूर्ण ऐकणारे ते एकटेच. दोनशे माणसे टाळ्या वाजवून एका तालात पाय टाकत आहेत हे त्याने अचूक ओळखले आणि कीर्तन 'व्यायाम' या सदरात घातले. कीर्तनात टाळ धरणाऱ्या सुंदराबाईचे गुडघे नंतर दुखतात हे आठवून खुशालरावांनी ते मान्य केले.

खरा मुद्दा दुसऱ्या बैठकीत निघाला.

"चाल नवी आहे याला आधार काय?" गजेंद्र साहेबांनी विचारले.

"महाराजांनी आत्ताच केली."

"केली म्हणजे नवी होत नाही, खुशालराव. कोणी ऐकली नसेल तर नवी. किती लोकांनी ऐकली?"

"गावानं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग जुनी झाली."

खुशालरावांचा चेहरा पाहून साहेबांना दया आली. ते स्वतःही दर्यापूरकडचे. त्यांनी फायलीतून एक कोरा नमुना काढला. अश्रवण प्रमाणपत्र. गावातल्या अकरा प्रतिष्ठित व्यक्तींनी, आपण सदर चाल कधीही ऐकलेली नाही, असे मुद्रांकावर लिहून दिले की चाल नवी.

मोनालीने हळूच विचारले, "सर, पण कोणती चाल ऐकली नाही, हे त्यांना कसं कळणार?"

"सही करण्याआधी ऐकवायची. कलम चार."

"मग ऐकली ना, सर."

"ऐकवणं ही ओळख पटवण्याची कार्यवाही आहे. ते ऐकणं नाही." साहेबांनी पान उलटले. "आणि कलम सहा नीट वाचा. सही करणाऱ्यांपैकी कोणी मंजुरीपूर्वी ती चाल गुणगुणताना आढळला, तर प्रस्ताव रद्द. कारण मग त्याला ती येते, म्हणजे त्यानं ती ऐकली आहे, म्हणजे ती नवी नाही."

यात चूक काढता येत नव्हती. खुशालरावांनी फार प्रयत्न केला.

गावच्या मंदिरात टाळकरी बसले. पहिली सही खुशालरावांनी स्वतः केली. चाळीस वर्षे कानात साठवलेले सगळे त्या एका ओळीने खोटे पडत होते. पण चाल जगेल या हिशेबाने त्यांनी डोळे मिटून अंगठ्याच्या ठशाशेजारी नाव लिहिले. मग सरपंच, मग मृदंगवाले, मग एकेक जण. दहा सह्या झाल्या. सुंदराबाईपुढे कागद आला. तिने तो वाचून घेतला आणि परत सरकवला.

"मी नाही करत."

"सुंदराबाई, कागदच तं आहे."

"एकादशीले मी तुमच्या पुढं बसली होती. तुमी रडले, मी पाह्यलं. आता लिहून देऊ का, का आमी कोणीच नव्हतो म्हणून?"

"चाल वाचवाची आहे ना बाई."

"मंग कागदाले शिकवा चाल. तो म्हणीन." ती उठली, टाळ पिशवीत घातले आणि मुलीकडे बाळापूरला निघून गेली.

अकरावी सही कोणाची घ्यावी, हा पेच कक्षानेच सोडवला. फोनवरून कळवण्यात आले की चाल करणाऱ्याचीही सही लागेलच, कारण गाणाऱ्यालाही दोन कान असतात. पुंजाजी महाराजांनी आपण आपली चाल कधीही ऐकलेली नाही, असे लिहून दिले. सही करताना ते हसले, आणि हसताना खोकले.

त्या दिवसापासून गाव मोठ्या निष्ठेने गप्प बसले. चाल जगावी म्हणून कोणी ती ओठावर येऊ देईना. काकड्याला कोणाचा सूर चुकून तिकडे वळला, की शेजारचा कोपराने ढोसायचा, "कलम सहा." मृदंगवाल्याने तर खबरदारी म्हणून मृदंगाला खोळच घातली. एकादशी आली तशी गेली. पुंजाजी जुन्याच चालीत म्हणत राहिले, दर वेळी थोडे कमी, आणि खुशालराव अमरावतीत दर सोमवारी कक्षाच्या बाकावर बसून विचारत राहिले, "झाली का मंजुरी?"

दरम्यान चाचणीसाठी घातलेल्या अ‍ॅपने त्यांच्या फोनमध्ये जागा मागितली. जुन्या, जड गोष्टी काढून टाकू का, असे अदबीने विचारले. खुशालरावांनी सरकारी कामात अडथळा नको म्हणून 'होय' दाबले. अडीच तासांचे कीर्तन ही फोनमधली सर्वांत जड गोष्ट होती. कक्षाकडच्या प्रतीबद्दल विचारावे, तर तिथे परिपत्रकाप्रमाणे पहिले तीस सेकंद जपून ठेवलेले.

पाडवा झाला. तारखेप्रमाणे पुंजाजींच्या घशातली गाठ निघाली. सोबत आवाजही गेला. बारा दिवसांनी मंजुरी आली.

उद्घाटनाला दोघे मित्र पहिल्या रांगेत बसले होते. पुंजाजींच्या गळ्याला मफलर, हातात शाळेतली पाटी. चाल आठ दिवस आधीच प्रसारित झाली होती आणि तेवढ्यात छत्तीस हजार लोकांनी ती पुढे पाठवली होती. विभागात विक्रम झाला. गजेंद्र साहेबांनी अभिप्राय वाचून दाखवले. 'काळजाला भिडलं.' 'अंगावर काटा.' 'डोळ्यांत पाणी आलं, महाराज.' एका सद्गृहस्थांनी रोज सकाळी या चालीवर चालायला जातो, दोन किलो उतरले, असे कळवले होते.

पुंजाजींनी पाटीवर लिहिले: उचलली का कोणी?

"छत्तीस हजारांनी," खुशालराव अभिमानाने म्हणाले.

पुंजाजींनी पुसून लिहिले: म्हण.

खुशालरावांनी तोंड उघडले. हाळी कुठून उठते ते आठवत होते. वर जाऊन कुठे वळते, ते काही केल्या सापडेना. अडीच महिने त्यांनी ती इतक्या कसोशीने ओठांआड दाबली होती, की ती आतूनही निघून गेली होती. त्यांनी घाईने फोन काढून अ‍ॅप लावले. पुंजाजी खाकरले, पाणी प्याले, माईक सरकवायला सांगितला, पंखा बंद करायला सांगितला, आणि तीस सेकंद संपून वरातीतले एक गाणे आपोआप सुरू झाले.

पुंजाजींनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. खुशालराव त्यांच्याकडे पाहू शकले नाहीत.

मागच्या रांगेतून मोनाली पुढे आली आणि वाकून म्हणाली, "काका, बाळापूरहून कक्षाकडे एक तक्रार आली आहे. मी साहेबांना अजून दाखवली नाही. तिथं कोणी बाई ही चाल सर्रास गाते म्हणे."

दुसऱ्याच दिवशी दोघे बाळापूरला गेले. मुलीच्या अंगणात सुंदराबाई पंधरा बायकांना घेऊन बसली होती. तिने सही केली नव्हती, म्हणून तिला कलम सहा लागू नव्हते. तूर निवडताना म्हणून म्हणून तिने चाल घासली होती, आणि बायकांनी दोन जागा आपल्या सोयीने वळवून घेतल्या होत्या.

"या महाराज," तिने पुंजाजींना पाट दिला. मग खुशालरावांकडे पाहिले. "तुमी तं ही ऐकलेलीच नाही ना खुशालभाऊ, लिहून देलं तुमी. बसा. पयल्यांदाच ऐका."

खुशालराव खाली बसले. हाळी उठली, वर गेली, वळली. पुंजाजींचा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहून ती सुंदराबाईपुढे धरली: उचलली. खुशालरावांचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला होता. तो त्यांनी काढून घेतला आणि टाळी धरली. आरती होईपर्यंत ते उठले नाहीत.

तक्रार अर्थात साहेबांपर्यंत पोचलीच. बाळापुरात सोळा स्त्रियांना चाल येत असल्याचे सिद्ध झाल्याने तिचे नवेपण संपुष्टात आले, आणि ती अ‍ॅपवरून काढण्यात आली. ती गेल्याचे छत्तीस हजारांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. फक्त त्या सद्गृहस्थांचे चालणे सुटले.

कक्षाने मात्र प्रकरण अर्धवट सोडले नाही. पुढे पाठवणाऱ्या सर्व छत्तीस हजार नागरिकांना, आपण सदर ध्वनिफीत पाठवण्यापूर्वी ती ऐकली होती, असे लिहून देण्यासाठी एक नमुना धाडण्यात आला. आजवर त्यांपैकी एकही भरून परत आलेला नाही. तुमच्याकडेही तो आला असेल. फोनमध्ये जरा खाली जाऊन पाहा; बहुतेक तुम्ही तोही पुढे पाठवला असेल.