वानखडे काकांचे पासवाले

वानखडे काका मध्ये पडले म्हणून मी आज बुलढाण्यात भाकऱ्या थापते आहे, नाहीतर दोन वर्षांपूर्वीच पिशवी भरून आमच्या सावंतवाडीच्या वाटेला लागले असते. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून माणूस बरा नाही असंच वाटेल.

काका रोज आमच्या मेसमध्ये जेवतात. घासाआधी खिशातून छोटा आरसा काढतात, ओठ वर-खाली करून बघतात आणि आत कुणाला तरी विचारतात, "सारे बसेल हायेत न?" उत्तर येत नाही. मग समाधानाने वरणात भाकरी कुस्करतात. समोरचं नवीन गिऱ्हाईक तेवढ्यात टेबल बदलतं.

जन्मभर त्यांनी सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासलं. निवृत्तीनंतर लोकांना तपासतात, न विचारता.

नवऱ्याच्या कामामागे मी इकडे आले. माझी शाळा सातवीत सुटली, भीती मात्र रोज हजर. ती फार वाढली की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड उठतात. मेसच्या पहिल्याच महिन्यात उठले. रोज पुड्या चघळून आमची पायरी रंगवणाऱ्या एका साहेबांना अचानक स्वच्छता आठवली. "ह्या बाईले लागन हाय. हिच्या हातचं आम्ही नाई खात."

मालकीण शोभाताईंनी आरोग्याचा विचार केला, म्हणजे साहेबांसोबत जेवणाऱ्या आठ मित्रांचा. मला म्हणाल्या, "उद्यापासून नको येऊ."

काकांनी आरसा साहेबांपुढे धरला. "साहेब, आधी सोताच्या आत पाहा. हा विषाणू लय जनाइच्या अंगात हाय. लहानपनीच चढते अन् नसेत जाऊन बसते. दुसरे काई विषाणू त असे हायेत का जन्मभर काईच नाई करत. आपली प्रतिकारशक्ती म्हंजे जुना कंडक्टर. मेहकर गाडीचे रोजचे पासवाले त्याले तोंडपाठ. त्यायले उतरवत बसला त गाडी निघनच नाई. हिच्या कंडक्टरचा डोया लागला, एक पासवाला दरवाज्यात येऊन उभा राह्यला. आठ-दहा दिवसात जाग्यावर बसते."

"अन् मले लागला त?"

"तुमच्या तोंडात? त्या पुडीच्या वासानं तोच पुढच्या स्टॉपले उतरन."

मग मोर्चा माझ्याकडे. "तू काऊन रडून राह्यली वं? फोड सुकेपर्यंत तोंडाले पट्टी बांध. हात लावू नको, लावला त साबनानं धू. तुया गिलास कोनाले देऊ नको." माझी भाकरी उलटून पाहिली. "अन् हे जळेल हाय. बिमारी म्हंतेत ते ह्याले."

माझं काम टिकलं. साहेब आठवडाभर रुसले आणि भुकेने परत आले.

यंदा काकांची लेक सव्वा महिन्याच्या मुलीला घेऊन पुण्याहून चार दिवस येणार होती. काकू आता नाहीत, म्हणून काकांनी एकट्याने पाळणा घासला, दुपटी धुतली, आणि मेसमध्ये प्रत्येकाला नातीचा फोटो दाखवला, साहेबांना दोनदा. ती यायच्या दिवशी जेवायला बसले, आरसा काढला. प्रश्न आलाच नाही. आरसा परत खिशात गेला.

ओठाचा कोपरा सुजला होता.

मी म्हटलं, "काका, पासवालाच ना?"

"मोठ्याइले पासवाला. नातीचा कंडक्टर कालच भरती झाला, पोरी. त्याले हा गडी नाई झेपनार."

चार दिवस काका तोंडाला पट्टी बांधून अंगणात बसले. लेकीने "बाबा, लांबून तरी" म्हटलं, तरी उंबरा ओलांडला नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर माझ्या ओठाकडे टक लावून पाहिलं. "साफ हाय. कोपरापर्यंत हात धू. मुका घेऊ नको. पोरीले घेऊन खिडकीच्या काचेपाशी उभी राय."

मी उभी राहिले. दुपटं जरा बाजूला केलं.

"बोटं मोज," काका बाहेरून म्हणाले.

"दहा."

"पायाचे?"

"दहाच, काका."

"अजून एकखेप मोज. हळू."

मी हळू मोजली. मोजून झाल्यावरही मी खिडकीतून हलले नाही.

नात पुण्याला गेली आणि दोन दिवसांनी खपली पडली. आता आरसा पुन्हा निघतो, सारे बसलेले असतात. पण थंडी सरली की मी काकांना पुण्याला घेऊन जाणार आहे. दोन्ही तिकिटं मी काढीन, आणि ती पोर त्यांच्या मांडीवर ठेवल्याशिवाय परत येणार नाही.