कोणते त्र्यंबक चौधरी?

गिरधर मास्तरांच्या मते अख्ख्या खानदेशात डोकं असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातला दुसरा कोण हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. गेल्या साली कोरीट गावातली हरवलेली म्हैस त्यांनी खुरांच्या ठशांवरून थेट तापीपार पोचवली होती, म्हणजे तर्कानं. म्हैस गोठ्यामागेच रवंथ करत होती. "घाबरून परत आली," मास्तर म्हणाले.

अशा माणसावर त्या सोमवारी ही वेळ यावी! संध्याकाळी वाचनालयाचा उत्सव, अध्यक्ष घरात येऊन बसलेले, आणि ते नक्की कोण याचाच पत्ता नाही.

वाचनालयाला खोली देणाऱ्या अमृतलालशेठांनी आपल्या पुण्याच्या व्याह्यांना कोणीतरी नामांकित माणूस धाडायला सांगितलं होतं. 'त्र्यंबक चौधरी येतात' एवढीच तार आली. आता नामांकित त्र्यंबक चौधरी तीन: एक संस्कृत पंडित, एक कापसाच्या रोगांचे शास्त्रज्ञ, एक कायदेमंडळाचे सभासद. नंदुरबार स्टेशनावरून मास्तरांनी हार घालून आणलेल्या चौधरींचं नेमकं सोमवारचं मौन. बोलणं नाही, लिहिणंही नाही. ओळख मात्र मास्तरांनीच करून द्यायची. शेठनी बजावलं होतं, "सभेत फजिती झाली तर वाचनालयाची खोली रिकामी करा. मला सरकीची पोती ठेवायची आहेत." त्या खोलीवर मास्तरांचा जीव होता. ती गेली असती तर ते खरंच खचले असते.

मास्तर दाराआडून पाळत ठेवू लागले. तपास करताना ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, गुन्हेगाराला समजू नये म्हणून.

पाहुण्यांनी कपाळावर आडवं बोट फिरवलं. "गंध! निःसंशय संस्कृत पंडित!"

मग ते दाराकडे हात करून बैलगाडी हाकल्यासारखं करू लागले. "शेतांकडे निर्देश! कापूस-शास्त्रज्ञ!"

शेवटी बिचाऱ्यांनी वैतागून दोन्ही हात वर केले. "मतदान! तेही दोन हातांनी! कायदेमंडळच!"

"काय करी ऱ्हायनात?" मास्तरांची बायको जसोदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "जेवण थंड व्हई ऱ्हायनं. त्यास्लेच इचारा ना!"

"त्यांचं मौन आहे."

"तोंडनं मौन शे. मान तं हालस ना?"

"विचारून कळलं तर तो शोध कसला?" मास्तर दुखावले.

जसोदाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "दादा, तुम्ही पंडित शेतस का?" पाहुण्यांची मान आडवी. "कापूसवाला?" आडवी. "कायदावाला?" आडवी. त्यांनी पुन्हा कपाळावर बोट फिरवलं. जसोदाबाई हसल्या. "मुंडावळ्या! दादा, लगीनले जानं शे का?"

पाहुण्यांची मान इतक्या जोरात हलली की टोपी खाली पडली. जसोदाबाईंच्या आणखी चार प्रश्नांत सगळं कळलं: उद्या कळसाडी गावी त्यांच्या भाच्याचं लग्न होतं!

मास्तरांना आता सकाळचं स्टेशन आठवलं. स्टेशनावर एक गृहस्थ दोनदा म्हणाले होते, "मीच त्र्यंबक चौधरी." खरा विद्वान स्वतःचं नाव असं ओरडत नाही, असं ताडून मास्तरांनी त्यांना शेजारच्या वऱ्हाडाच्या बैलगाडीत आदरानं चढवून दिलं होतं.

सभेत मास्तर उभे राहिले. थाप मारायची त्यांची तयारी होती, पण जसोदाबाई समोरच बसल्या होत्या. "हे नामांकित नाहीत," ते म्हणाले, "हे नवऱ्याचे मामा आहेत. नामांकित चौधरींना मी वऱ्हाडात पाठवलं. कोणते होते, ते अजूनही माहीत नाही."

लोक पोट धरून हसले. भाषणाच्या वेळी मामा उठले आणि नुसते हात जोडून खाली बसले. सभा दिवेलागणीच्या आत आटोपली.

अमृतलालशेठ डोळे पुसत म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा अध्यक्षांनी छळलं नाही! ठेवा तुमची पुस्तकं. पण मास्तर, पुढल्या वर्षी मौन तुम्ही धरा."

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांना रडू आलं. मग भुवई उंचावून ते बायकोच्या कानाशी लागले. "शेठच्या या वाक्यात काहीतरी गूढ अर्थ दडलेला दिसतो."

"काही दडेल नही," जसोदाबाई म्हणाल्या. "चूप बसा."