नळ कोरडा असल्याची भावना

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणारे साहेब लोकांच्या अंगावर खेकसत असत, याला कार्यालयाची हरकत नव्हती. पण तोच आवाज घरीही चढायला लागला, तेव्हा बायको बॅग भरून भावाकडे निघाली. "डोकं ताळ्यावर आलं की बोलवा," दारातून एवढंच म्हणाली. साहेबांचा तिच्यावर जीव होता. रिकामं घर खायला उठलं, तेव्हा लोकांची नजर चुकवून त्यांनी मानसोपचार करणाऱ्या बाईंना गाठलं.

"मनात येईल ते बोला," म्हणून बाई गप्प बसल्या त्या बसल्याच. साहेब भडकले. "अहो, काहीतरी उपाय सांगा ना!"

"माझ्यावर चिडलात. असं याआधी कोणावर चिडला होतात?"

साहेबांना एकदम वडील आठवले आणि घळाघळा रडू आलं. डोळे पुसतात तोच बाई म्हणाल्या, "वेळ संपली. पुढच्या मंगळवारी या."

साहेब थक्क झाले. उपाय काडीचा नाही, आणि माणूस वर आभार मानून जातो! आपण इतकी वर्षं उगाच घसा फोडला.

दुसऱ्या दिवशी एक पेन्शनर रिकामी बादली घेऊन खिडकीवर आदळले. "आठवडाभर नळाला थेंब नाही!"

साहेब मान हलवून गप्प बसले. पेन्शनर चुळबुळले. "तसं पाण्याचंच नाही म्हणा. घरातही माझं कोणी ऐकत नाही."

"लहानपणी कोण ऐकायचं?"

पेन्शनर बादली कवटाळून रडले आणि हलके होऊन गेले. 'मूळ कारण आढळले' असा शेरा मारून तक्रार निकाली काढण्यात आली. यथावकाश कार्यालयाने पंपाची दुरुस्ती रद्द करून खिडकीसमोर मऊ खुर्ची मंजूर केली.

साहेबांचा आवाज उतरल्याचं ऐकून बायको परत आली. सकाळी तिने नळ सोडला, तर नुसती खरखर. "अहो, पाणी नाही."

"हं," म्हणून साहेब समजूतदारपणे हसले आणि कामावर गेले.

तासाभरात ती बादली घेऊन खिडकीसमोर उभी होती.

"पाणी नाही, असं कधीपासून वाटतं?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

साहेबांनी वर पाहिलं. 'माझं चुकलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सवयीने नजर घड्याळाकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "वेळ संपली."

"हो, संपली," ती म्हणाली आणि बादली तिथेच ठेवून निघून गेली.

रांगेतल्या मंडळींना तिचं वागणं मुळीच पटलं नाही. हल्ली इतकं ऐकून घेणारा माणूस मिळतो कुठे?

तुमच्याकडे येतं का हो पाणी? नाही? बरं. हे सांगताना तुम्हाला काय वाटतंय?