लीगचा भात, कपचं मटण

रविवारी सकाळी दहा वाजता करडीतून दोन गाड्या निघाल्या. एक उत्तरेला, आंबागडकडे. दुसरी दक्षिणेला, कोंढ्याकडे. दोन्ही गाड्यांत करडीच्याच फुटबॉल क्लबचे खेळाडू होते आणि दोन्हीकडचे सामने दुपारी तीन वाजता सुरू व्हायचे होते.

कोंढ्याचा सामना जिल्हा लीगचा, शेवटचा, आधीपासून ठरलेला. आंबागडचा सामना कपचा, अंतिम. तो पावसामुळे पुढे गेला होता आणि बक्षीस द्यायला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना नेमका हाच रविवार मोकळा निघाला. दोन्हीकडच्या आयोजकांना विनंती करून झाली. तारीख पाहुण्यांचीच राहिली.

क्लबचा सचिव ताराचंद कोंढ्याच्या गाडीत ड्रायव्हर मंगरूशेजारी बसला होता आणि मागे वळून पुन्हा पुन्हा डोकी मोजत होता. बसस्टँडजवळ त्याचं वेल्डिंगचं दुकान. गेटची चौकट बसवली की तो ती स्वतः हलवून बघे, मग गिऱ्हाइकाला हलवायला लावे आणि घरी जाताना वाट वाकडी करून आणखी एकदा हलवून जाई. अशा माणसाने आखलेल्या बेतात चूक निघणार नाही, हे गाव मानत होतं. ताराचंद तर मानतच होता. "आज कोणी फिकीर करू नका," तो निघताना म्हणाला होता, "मी सगळा इचार करून ठेवला हाय."

इचार असा होता. करडीचा संघ लीगच्या अ गटात तळाला लोंबकळत होता. कोंढ्याला बरोबरी साधली तरी एक गुण मिळत होता आणि तेवढ्यावर अ गट टिकत होता. हरले तर ब गट. आणि ब गटात गेले तर मैदान जाणार होतं. तलावाच्या पाळीखालच्या त्या जागेवर धान सुकवायला सिमेंटचा ओटा करायचा, असं ग्रामपंचायतीत कधीचं चाललं होतं. ओटा मागणारेही चुकत नव्हते. दरवर्षी निम्म्या गावाचं धान डांबरी रस्त्यावर सुकत होतं आणि त्यावरून बस जात होती. शेवटी सरपंचांनी तोड काढली: पोरं अ गटात आहेत तोवर मैदान पोरांचं. त्या मैदानाचे गोलपोस्ट ताराचंदने स्वतः वेल्ड केले होते. दर पावसाळ्यानंतर तोच गवत कापायचा, तोच बैलांना हाकलायचा, आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की घरी जाण्याआधी त्या पोस्टला एकदा हलवून बघायचा.

म्हणून अकरा पक्के खेळाडू कोंढ्याला. उरलेसुरले कपला.

या बेतावरून गावात दोन पक्ष पडले होते. कपवाल्यांचे पुढारी होते डोमाजी. वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी करडीचे सेंटर फॉरवर्ड, आणि करडीने आजवर एकही कप जिंकलेला नाही याचं दुःख त्यांना गुडघ्यांच्या दुखण्याहून मोठं. चहाच्या टपरीवर त्यांनी आपली बाजू मांडली होती.

"लीग म्हणजे रोजचा भात, ताराचंद. कप म्हणजे दिवाळीनंतरच्या मंडईतलं मटण. भातावर माणूस जगते, कबूल. पण वर्षभर गोष्ट कायची सांगते?"

"मटणापायी कोणी धानाची बांधी इकत नाही, डोमाजी," ताराचंद म्हणाला. "मैदान गेलं तं कप कुठी खेळान?"

"सरपंचानं शब्द देला तवा फोटो काढला होता का कोणी? कपचा फोटो निघते. कप पंचायतीच्या कपाटात ठेवला का मैदानाले हात लावाची कोणाची हिंमत होत नाही."

टपरीवर मतं निम्मी निम्मी झाली. ताराचंदच्या घरातही तसंच झालं. म्हणजे एक तो आणि एक त्याची बायको रुखमिणी. ती सकाळी डोमाजींसोबत आंबागडच्या गाडीत चढली. त्याने विचारलं, तिकडे हरायलाच चालले आहेत, तू कायले जातं? ती म्हणाली, लीग दरवर्षी येते, कप आपल्या दारी पहिल्यांदा येऊन राहिला.

"मंग असं कर," ताराचंद म्हणाला, "हरले तं फोन नोको करू. जिंकले तरच कर." आणि आपल्याच बोलण्यावर हसला. आज मोबाइलची बॅटरी वाचणार, असा त्याचा हिशेब होता.

आता रस्ता. भंडाऱ्यावरून सरळ रस्ता होता, पण रविवारची गर्दी, रेल्वे फाटक, पूल. ताराचंदला धोका नको होता. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्याने मोटारसायकलवर जाऊन आतला रस्ता पाहून ठेवला होता. चिंचटोल्यावरून जाणारा. खड्डे पाहिले, नाल्यावर पुलाऐवजी असलेली रपट पाहिली, रिकामा रस्ता पाहून समाधान पावला. गाडी सुटल्यावर त्याने आणखी एक खबरदारी घेतली. पोरांचं लक्ष उडू नये म्हणून बजावलं, गाडीत खेळाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. एका शब्दानेही नाही.

पोरं शहाणी. बोलली नाहीत.

चिंचटोल्याच्या शिवारात गाडी शिरली तेव्हा पहिल्यांदा ताराचंदला रस्त्यात फुगेवाला दिसला. मग जिलेबीचं दुकान. मग आकाशपाळणा. मग माणसं, एवढी की मंगरूने इंजिनच बंद केलं.

"हे काय होय?" ताराचंदने विचारलं.

"मंडई होय, काकाजी," मागून कप्तान सुगत म्हणाला. "चिंचटोल्याची. आजच असते."

"तुले मालूम होतं?"

"माझी बहीण हाय ना इथं. आठ दिवसांपासून फोन करून राहिली, ये म्हणून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"खेळाशिवाय बोलाचं नाही म्हनलं तुमी."

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, हे काही ताराचंदला कोणी शिकवायला नको होतं. आपल्या सोयऱ्यांच्या गावच्या मंडया त्याला पाठ होत्या. पण चिंचटोल्यात त्याचं कोणी नव्हतं, म्हणून चिंचटोल्याची मंडई त्याच्या डोक्यात नव्हती. बाकी अकरा जणांचं मात्र तिथे कोणी ना कोणी होतं. आणि मंडईच्या दिवशी सोयऱ्याच्या दारावरून न जेवता पुढे जाणं म्हणजे त्या सोयऱ्याचं नाक कापणं, हेही त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पहिला प्रफुल्ल गेला. बचावफळीतला सगळ्यात भक्कम गडी, उन्हाळ्यात लग्न झालेला. त्याच्या सासूबाई केशरबाई घागर घेऊन चालल्या होत्या. त्यांनी गाडीत जावई पाहिला आणि घागर जागेवर ठेवली. ताराचंदने खाली उतरून हात जोडले. सामना आहे, तीनला पोचायचं आहे, परतताना नक्की येऊ.

"परतताना शिळं खायले?" केशरबाईंनी विचारलं. "पयल्या मंडईले जवाई दारावरून उपाशी गेला तं गावात तोंड कसं दाखवू मी? तुमी मोठे मानूस, तुमीच सांगा."

ताराचंदने सांगितलं, पाच मिनिटं. ही त्याची दुसरी चूक. एका सासूला पाच मिनिटं दिल्यावर दुसऱ्याच्या आत्याला नाही म्हणता येईना, तिसऱ्याच्या साडूला तर नाहीच नाही. बघता बघता गाडी रिकामी झाली. सुगतला त्याची बहीण दीपमाला मनगट धरून घेऊन गेली. गोलकीपर चंद्रकुमार करडीतला नावाजलेला ढोलकीवाला. त्याचा मामा इथल्या दंडारीत, म्हणजे मंडईतल्या नाचगाण्याच्या खेळात, नाचायचा आणि दंडारीचा ढोलकीवाला नेमका तापाने पडला होता. चौकात दंडार रंगली होती. मामाने भाच्याच्या गळ्यात ढोलकी घातली आणि करडीचा गोलकीपर लोकांच्या डोक्यांआड नाहीसा झाला.

ताराचंद गाडीपाशी एकटा उरला. तो गाडीभोवती येरझारा घालू लागला. केशरबाईंना वाटलं, भूक लागली.

त्यांनी त्याला घरी नेऊन पाटावर बसवलं. मटण वाढलं, वडे वाढले, भात वाढला. ताराचंद दर घासाला दाराकडे बघत होता. लवकर, लवकर, असं तो म्हणे, आणि केशरबाई आतल्या सुनेला सांगत, पाव्हण्यांना लवकर वाढ. लवकर संपावं म्हणून त्याने भराभर खाल्लं. ताट रिकामं दिसलं की त्यात पुन्हा पडत होतं. शेवटी त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. उठताना केशरबाईंनी नातवाकडून त्याचा नंबर लिहून घेतला. एवढे मोठे पाहुणे आलेले, नीट पोचले की नाही, विचारायला संध्याकाळी फोन करते म्हणाल्या.

गाडी चिंचटोल्यातून निघाली तेव्हा ताराचंदने पुन्हा डोकी मोजली. सहा. प्रफुल्लला सासरे सोडेनात. मागून मोटारसायकलवर पोचवतो म्हणाले. बाकीच्यांचंही तसंच. चंद्रकुमारचा तर आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता.

"सहा जणांवर सामना सुरू होते का?" मंगरूने विचारलं.

"सात लागतात," सुगत म्हणाला. गाडीतले सगळेच हळूहळू ताराचंदकडे बघू लागले. दरवर्षी नोंदणीच्या वेळी एक नाव कमी पडायचं आणि आकडा भरायला ताराचंद आपलंच नाव घालायचा. हे क्लबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आजवर त्याचा काही तोटा झाला नव्हता.

"काकाजी," सुगत म्हणाला, "गोलमधी फक्त उभं राहाचं. बाकी आमी पाहू."

कोंढ्याला ते पोचले तेव्हा पंच घड्याळ बघत होते. ताराचंदच्या मापाची चड्डी क्लबमध्ये नव्हती. चंद्रकुमारची पिवळी जर्सी त्याच्या पोटावर बसली आणि तिथेच अडकली. खाली त्याची रोजची फुलपँट राहिली, खिशात मोबाइलसह. पंचांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नोंदणीतलं नाव पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

पहिल्या अर्ध्या वेळात ताराचंदने गोल होऊ दिला नाही, यात त्याचं कसब किती हे सांगणं कठीण आहे. एक चेंडू त्याच्या पोटावर आदळला. चिंचटोल्याच्या जेवणाने ते पोट असं टणक झालं होतं की चेंडू मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. दुसरा तोंडावर बसला. तिसरा वरच्या दांड्याला लागला, तेव्हा ताराचंदने सवयीने वळून पोस्ट हलवून पाहिला. ढिला होता. या गावात वेल्डिंग कोण करतं, असं त्याच्या मनात आलं, तोवर चौथा चेंडू येत होता आणि सुगतने तो कसाबसा बाहेर काढला.

मध्यंतराला प्रफुल्ल सासऱ्यांच्या मोटारसायकलवर आला, त्याच्यामागे आणखी दोघं. पळताना ते धानाच्या भरलेल्या पोत्यांसारखे डुलत होते, पण होते. दहा जण झाले. दंडार सुटली नव्हती, म्हणून चंद्रकुमार नव्हता; आणखी एक जण पंगतीतून उठलाच नव्हता. शून्य-शून्य. करडीला हवा असलेला एक गुण मैदानावर सगळ्यांना दिसत होता.

आंबागडची काही खबर नव्हती. ताराचंदला आधी ते बरं वाटलं. मग वाटेना. मंडईत बहिणीकडे ऐकून आलेल्या सुगतकडून एवढं कळलं की तिकडच्या समोरच्या संघाच्या सचिवानेही अगदी ताराचंदसारखाच विचार केला होता आणि आपले पक्के खेळाडू लीगला पाठवून कपला उरलेसुरले पाठवले होते. म्हणजे तिकडे दोन्ही बाजूंनी उरलेसुरलेच खेळत होते. म्हणजे काहीही होऊ शकत होतं.

ताराचंद गोलमध्ये उभा राहून विचार करू लागला. इथे हरलो आणि तिथे जिंकलो, तर गाव कोणाला शहाणं म्हणेल? इथे टिकलो आणि तिथे हरलो, तर डोमाजी म्हणतील, पक्की पोरं पाठवली असती तर. आणि दोन्हीकडे हरलो तर? तलावाच्या पाळीखाली सिमेंटचा ओटा, त्यावर पसरलेलं धान, आणि कडेला उपटून टाकलेले आपलेच दोन पोस्ट, हे त्याला इतकं लख्ख दिसलं की कोंढ्याचा फॉरवर्ड प्रफुल्लला चुकवून आत आला तो दिसलाच नाही.

प्रफुल्लला दिसला. तो वळला, पण सासरचं जेवण वळलं नाही. तो फॉरवर्डच्या पायावर सगळ्या वजनानिशी पडला. शिट्टी झाली. पेनल्टी. शेवटची दोन-चार मिनिटं उरली होती.

प्रफुल्ल उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. सुगत गोलपाशी आला.

"काकाजी, उजवीकडं मारते तो. नेहमी."

"माझी उजवी का त्याची?"

सुगत उत्तर द्यायला लागला, पण पंचांनी त्याला मागे हटवलं. कोंढ्याच्या पोराने चेंडू ठिपक्यावर ठेवला आणि पाच पावलं मागे गेला. ताराचंद रेषेवर उभा राहिला. त्याने वाकायचा प्रयत्न केला. पोटाने परवानगी दिली नाही. सवयीने हात बाजूच्या पोस्टकडे गेला, तो त्याने मागे घेतला.

तेवढ्यात त्याच्या पँटच्या खिशात फोन वाजू लागला.

जिंकले तरच कर, असं त्याने रुखमिणीला सांगितलं होतं. पण संध्याकाळही होत आली होती, आणि नीट पोचले की नाही ते विचारायला केशरबाई फोन करणार होत्या.

पंचांनी शिट्टी वाजवली. पोरगा पळत सुटला. फोन अजून वाजत होता.